गोलपुढची माती

निरीक्षकसाहेबांचा उजवा पाय गोलच्या पुढ्यात घोट्यापर्यंत आत गेला आणि परत वर आला तो नुसता मोज्यानिशी. बूट आतच राहिला. बूट पांढरा होता.

"हे काय आहे?" साहेबांनी एका पायावर उभं राहून विचारलं.

परमेश्वर सर वडवणीतल्या शाळेत खेळाचे शिक्षक आणि 'बालाघाट महिला फुटबॉल मंडळा'चे संस्थापक, प्रशिक्षक, व्यवस्थापक व ड्रायव्हर. त्यांनी खाली पाहिलं, वर पाहिलं आणि म्हणाले, "सर, सेंद्रिय आहे."

त्यांच्या मागं संघाच्या पोरी हातात खराटे घेऊन उभ्या होत्या. जर्सीवर पुढून 'गुंडप्पा आणि मंडळी, सिमेंट व पत्रे' असं छापलेलं. खेळाडूंची नावं मागं होती, पण बारीक अक्षरांत, कारण जर्सी गुंडप्पांनी दिली होती. पोरींच्या मागं पटका सावरत म्हाळू उभा होता. त्या सगळ्या घोळक्यात खूश असलेला तो एकटाच.

"साहेब," तो पुढं होऊन म्हणाला, "मऊ झालंय का न्हाई?"

राष्ट्रीय महिला चषकाचा नियम सोपा असतो. जिंकलं की पुढं, हरलं की घरी. बालाघाट मंडळानं पहिली फेरी नगरला जाऊन जिंकली होती. सामना बरोबरीत सुटला, मग पेनल्ट्या झाल्या आणि त्यातल्या दोन म्हाळूच्या पोरीनं, अंजूनं अडवल्या. अंजू गोलकीपर. दुसऱ्या फेरीत चिठ्ठ्या निघाल्या आणि ओडिशाच्या एका संघानं वडवणीला येऊन खेळायचं ठरलं. त्या लोकांनी म्हणे फोन करून विचारलं, जवळचं विमानतळ कोणतं? सरांनी सांगितलं, जवळचं रेल्वे स्टेशनसुद्धा परळीला आहे.

मैदानाला मंजुरी आधीच मिळालेली होती. सरांनी श्रावणात काढलेला फोटो पाठवला होता. श्रावणात वडवणीत पत्र्यावरसुद्धा गवत उगवतं. आता माघ होता. मैदानात मुरूम वर आला होता आणि महासंघानं कळवलं होतं की प्रत्यक्ष पाहणीला माणूस येतोय.

म्हाळूनं आजवर पोरीचा एकही सामना पाहिलेला नव्हता. सामने होतात हिवाळ्या-उन्हाळ्यात, आणि दिवाळी सरली की म्हाळू मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगानं खाली उतरतो, तो मृगाला परत येतो. अंजू सातवीत असताना बॉल धरायला लागली. आता ती विशीत होती. या काळात म्हाळूनं तिचं खेळणं पाहिलं नव्हतं, तिची कोपरं पाहिली होती. सुट्टीत ती वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावर यायची तेव्हा दोन्ही कोपरं सोललेली असायची. वडवणीच्या मैदानावर बॉलवर झेप घेतली की माणूस मुरमावर येतो. तिची माय बायडाबाई तिच्या कोपरांना तेलात कालवलेली हळद लावायची आणि दर वेळी तेच बोलायची.

"मास्तरनं काय धंदा लावलाय पोरीला! आंगभर खरवडून घ्यायचं. पाव्हणे बघायला आले तवा बाह्या खाली वढून बसवली मी हिला."

पाहुणे तेलगावचे. पोरगी पसंत होती. "कप संपला की कुंकू लावू," असा निरोप बायडाबाईनं धाडला होता आणि पाहुण्यांनी मोठ्या मनानं थांबायचं कबूल केलं होतं. त्या घरात ऊस होता, कापूस होता, बोअरला पाणी होतं. गोलकीपरची जागा नव्हती.

म्हणून यंदा म्हाळूनं मेंढरं काढलीच नाहीत. आजूबाजूचा चारा संपला. मेंढरं बोराटीच्या काटक्या चघळायला लागली. भावकी हसली. कुणी विचारलं, की तो एवढंच म्हणायचा, "अंजूचा सामना हाय. बघून निघतो."

आणि अशातच त्यानं चहाच्या टपरीवर परमेश्वर सरांना बोलताना ऐकलं. सर कुणाला तरी सांगत होते, मैदान कसं नरम पाहिजे, हिरवं पाहिजे, साहेब येणारेत.

त्या संध्याकाळी म्हाळूनं अंजूला विचारलं, "तू कुठं हुबी असतीस गं?"

अंजूला बरं वाटलं. आबानं खेळातलं पहिल्यांदाच काही विचारलं होतं. तिनं शाळेच्या भिंतीकडचा गोल दाखवला. "त्या तिथं. तीच माझी बाजू."

दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरी सरांबरोबर सरावासाठी परळीला गेल्या. म्हाळू शाळेच्या राखणदाराकडं गेला. राखणदार धुळाजी त्याचा साडू.

आता यात म्हाळूचं काही नवीन नव्हतं. शेतकरी आमंत्रण देऊन त्याची मेंढरं शेतात बसवून घेतात. रात्रभर जाळीच्या कोंडाळ्यात कळप बसतो, लेंड्या टाकतो, मुततो, खुरांनी माती उकरतो. मग पाणी दिलं की मुरमाड जमीनसुद्धा लोण्यासारखी होते. ही एक गोष्ट म्हाळूला पक्की येत होती. ती त्यानं पोरीसाठी केली. भिंतीकडच्या गोलपुढं त्यानं कळप बसवला, पोरी परळीत होत्या तोवर रोज रात्री. दिवसा शाळेच्या टाकीची नळी लावून पाणी सोडलं. टाकी रिकामी झाली. पोरं तहानलेली घरी गेली. धुळाजीनं कुणाला काही सांगितलं नाही, कारण त्याला वाटलं सरांनीच सांगितलं असेल.

पोरी परत आल्या त्या निरीक्षक यायच्या दिवशीच सकाळी. त्यांनी खराटे घेतले. पण चिखल झाडून जात नाही.

"म्हाळूमामा," परमेश्वर सर आवाज खाली ठेवायचा प्रयत्न करत म्हणाले, "हे काय करून ठेवलंत?"

"सर, अंजूच्या बाजूला बसवली. पोरीची कोपरं फुटतेत."

"अहो, हाफ झाला की बाजू बदलतात!"

"म्हंजी?"

"म्हंजी दुसऱ्या हाफात अंजू त्या तिकडच्या गोलात जाते."

म्हाळूनं तिकडच्या गोलाकडं पाहिलं. तिथं मुरूम होता, कोरडा, लालभडक. त्याला खरोखर वाईट वाटलं.

"आधी सांगायचं व्हतं, सर. तिकडंबी बसवली असती. मेंढरं काय, हायेतच की."

एक पोरगी फसकन हसली आणि मग तोंड फिरवून उभी राहिली.

निरीक्षक भला माणूस होता. त्यांनी बूट काढून घेतला, झटकला आणि हातातच धरला. म्हणाले, "नुसतं कडक असतं ना सर, मी सही करून गेलो असतो. देशातली निम्मी मैदानं कडकच आहेत. पण ह्या चिखलात एखादीचा गुडघा गेला तर? सुकायला आठवडा लागेल. सामना परवा आहे."

सामना हलवला गेला. ओडिशातच खेळायचं ठरलं. परळीहून सिकंदराबाद, तिथून पुढं दुसरी गाडी. महासंघानं चार दिवसांची मुदत वाढवून दिली, हा त्यांचा मोठेपणा.

संध्याकाळी अंजू वाड्यावर आली. बायडाबाई चुलीपुढं होती. म्हाळू एका कोकराच्या पायातला काटा काढत होता.

"आबा, कावून केलं असं?"

म्हाळूनं काटा काढला. कोकरू सोडलं. ते उड्या मारत गेलं.

"तू पडतीस तवा लागतं."

"मग लागू द्यायचं व्हतं की!" तिचा आवाज फुटला. "रोजच लागतंय. मला काय त्याचं? तुमी बघणार व्हता. गावातल्या सगळ्या बाया येणार व्हत्या. माय येणार व्हती."

"मी काय, कामातून सवड गावली असती तर," बायडाबाई चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली. तिनं सामन्याला नेसायचं म्हणून नवं लुगडं आधीच घडी मोडून ठेवलं होतं, ते तिथंच दोरीवर होतं.

"तुमी चला की, आबा, आमच्यासंगं," अंजू म्हणाली.

"मेंढरं?"

अंजूनं मेंढरांकडं पाहिलं. एवढी सगळी तोंडं तिच्याकडं बघत होती. तिनं पुन्हा विचारलं नाही. निघताना म्हाळूच्या पाया पडायला वाकून तिनं हात पुढं केले तेव्हा बाह्या वर सरकल्या. त्यानं मुद्दाम दुसरीकडं पाहिलं.

सामन्याच्या दिवशी म्हाळूनं मुक्काम हलवायला काढला. आता थांबण्यात अर्थ नव्हता. मेंढरं बायडाबाईच्या हवाली करून त्यानं तिला रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि स्वतः गुंडप्पांच्या दुकानात गेला. गुंडप्पा मूळचे परळीचे, धंद्यानं वडवणीत. सामना मोबाईलवर दिसणार होता आणि जर्सीवरचं आपलं नाव देशभर दिसतं का, हे गुंडप्पांना पाहायचं होतं. त्यांनी मोबाईल रंगाच्या डब्याला टेकवून ठेवला.

"बस, म्हाळू."

म्हाळू बसला नाही. सिमेंटच्या पोत्यांना हात टेकवून वाकला. मोबाईलमध्ये हिरवंगार मैदान होतं आणि त्यावर मुंग्यांएवढ्या पोरी.

"अंजू कुठंय, शेठ?"

"ती तिकडच्या टोकाला."

"मग दाखवत कावून न्हाईत?"

"कॅमेरा बॉलच्या मागं फिरतो बाबा. बॉल आपल्या पोरींकडं हाय. झ्याक खेळायलेत. बघ, नाव दिसलं! 'गुंडप्पा आणि मं...' गेलं."

"बॉल अंजूकडं कवा येईल?"

"येऊ नये रे! तिच्याकडं आला की समज धोका."

 ही अडचण म्हाळूच्या लक्षातच आली नव्हती. संघाचं बरं चाललं की पोरगी दिसणार नाही. पोरगी दिसली तर संघाचं काही खरं नाही. त्यानं घटकाभर विचार केला आणि मग डोळे मिटले. काय मागावं हे त्याला कळेना.

"आला! आला!" गुंडप्पा ओरडले.

म्हाळूनं डोळे उघडले. समोरची एक उंच पोरगी पळत सुटली होती. तिनं लांबून बॉल मारला आणि कॅमेरा त्याच्या मागं धावत गोलपाशी आला. तिथं अंजू होती. पिवळी जर्सी, केस गच्च बांधलेले. ती हवेत आडवी झाली. जमिनीवर आली तेव्हा बॉल तिच्या पोटाशी होता, कोकरू धरतात तसा.

"धरला!" गुंडप्पांनी काऊंटरवर हात आपटला. "म्हाळू, धरला बे तुझ्या पोरीनं!"

"पडली," म्हाळू म्हणाला. मग थोड्या वेळानं, "उठली. गवत हाय तिथं. लागलं नसंल."

दुसऱ्या हाफात अंजू खूप वेळा दिसली. इतकी वेळा की गुंडप्पांनी जर्सीवरचं नाव वाचायचं सोडलं. बॉल सारखा येत होता. ती पायानं अडवत होती, हातानं ठोसत होती, पोरींवर ओरडत होती. म्हाळूला तिचा आवाज ऐकू येत नव्हता, पण तोंड दिसत होतं. बायडाबाई मेंढरांवर ओरडते तसंच तोंड.

सामना संपत आला होता तेव्हा बॉल कोपऱ्यातून आला. अंजू झेपावली. बोटं लागली. बॉल बोटांना लागून आत गेला.

गुंडप्पांनी काऊंटरवर आपटायला उचललेला हात खाली घेतला.

मग मोबाईलवर तोच गोल पुन्हा दाखवला. हळूहळू. मग तिसऱ्यांदा, गोलच्या मागून. या वेळी चेहरा अगदी जवळ आला, सगळ्या मोबाईलभर. कपाळावरचा घाम, दातांत धरलेला ओठ, भुवईवरची ती लहानपणची खूण. पोरगी मोठी झाल्यापासून म्हाळूनं तिचा चेहरा इतक्या जवळून पाहिलेला नव्हता. तो आणखी खाली वाकला.

"अजून एकदा दाखवतेत का, शेठ?"

"न्हाई. आता संपलं." गुंडप्पांनी मोबाईल उचलला, पुसला, खिशात ठेवला. "तेलगावकरांना कळव आता. कप संपला."

"कळवू की."

दिवस कलायला लागला तेव्हा कळप वडवणी मागं टाकून रस्त्याला लागला होता. बायडाबाई घोड्याचा लगाम धरून पुढं. घोड्यावर भांडी, जाळ्या, कोंबड्या. म्हाळू मागं. त्याचा फोन वाजला.

"आबा?"

"हां, बोल."

मागं गाडीची शिट्टी, पोरींचा गलका, कुणीतरी रडत होतं.

"आबा, तुमी बघितलं का?"

म्हाळू थांबला. मेंढरं पुढं चालत राहिली.

"न्हाई गं," तो म्हणाला. "गेलतो गुंडप्पाकडं. पर रेंजच न्हवती. नुसतं ते गोल गोल फिरत व्हतं. कायसुदिक दिसलं न्हाई."

"खरंच?"

"बिरोबाची आण."

 पलीकडं तिनं नाक ओढलं.

"बरं झालं, आबा." मग म्हणाली, "हरलो आमी."

"आसंल. हरतेत मान्सं."

"शेवटाला चुकले मी. पर पयल्या हाफात एक बॉल आलता, आबा. लई लांबून. तेवढा तुमी बघायला पायजे व्हता."

पुढून बायडाबाई ओरडली, "ओ! मेंढरं रानात घुसायलीत, कुठं हुबे राह्यले?" म्हाळूनं तिला हातानं गप्प केलं आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला.

"कसा आलता?" तो म्हणाला. "नीट सांग. सुरूपासून."

"ती उंच पोरगी व्हती बघा त्यांची, लई तेज पळायची," अंजू सांगायला लागली. "ती उजव्या अंगानं सुटली..."

"मग?" म्हाळूनं विचारलं.