बोडीतला फेस

भैयालालचा हात आधी उठायचा आणि डोकं मागाहून यायचं. देवरीकडच्या त्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष दरवेळी तोच व्हायचा, कारण त्याच्यासमोर उभं राहायचं तर दातांची हमी कोण देणार?

ते धाडस उन्हाळ्यात त्याच्या धाकट्या भावाने, दुर्गेशने केलं. भर बैठकीत तो म्हणाला की गावच्या बोडीत, मासे पाळायच्या तळ्यात, शेण ओतणं थांबवा. तळ्याचं पाणी फार हिरवं झालंय. ते हिरवं शेवाळ दिवसा उन्हात हवा तयार करतं हे खरं, पण रात्री तीच हवा स्वतः ओढून घेतं. आभाळ चार दिवस दाटलं, तर माशांच्या वाट्याला काही उरत नाही.

"हिरवं पानी म्हणजे माशांचं भरलं ताट," भैयालाल म्हणाला आणि सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली.

दुर्गेश सोसायटी सोडून गेला. शेजारच्या गावात त्याने आपली लहानशी बोडी ठेक्याने घेतली. जाताना एवढंच बोलला, "पाहशीन एक दिवस." हे शब्द भैयालालने मनात जपून ठेवले, जसे काही लोक शिवी जपतात.

भादव्यात आठवडाभर सूर्य दिसला नाही. एका पहाटे सोसायटीतला केशोराव बोंबलत आला, मासे वर आले! लोक धावले. रोहू, कतला, मिरगल, कितीतरी मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. वर्षाची कमाई होती ती. आणि पलीकडच्या कोपऱ्यात गुडघाभर पाण्यात दुर्गेश उभा होता. बादलीतून मुठी भरभरून पांढरी भुकटी पाण्यात फेकत होता.

त्याचं ते 'पाहशीन एक दिवस' सगळ्यांना आठवलं; एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. लोकांनी त्याला ओढत काठावर आणला.

"का टाकून राहिला बे?" भैयालालने त्याची गचांडी धरली.

"हवा होय, दादा! पान्यात पडली का हिच्यातून हवा सुटते. माह्या बोडीसाठी आनली होती. तुमचे मासे गुदमरून राहिले, म्हनून धावत आलो."

"भुकटीत हवा राह्यते? जहर होय हे!"

"जहर नाई, दादा. सूर्य निघेपर्यंत टाकू दे. मंग मार मले."

"जहर नाई ना? मंग खा."

दोघा गावकऱ्यांनी दुर्गेशचे हात पिरगाळून धरले. भैयालालने मूठभर भुकटी भावाच्या तोंडात कोंबली आणि वर तळवा दाबला. दुर्गेशचे डोळे बाहेर आले. मग बोटांच्या फटींतून, नाकातून फसफसून पांढरा फेस सुटला.

"फेस! जहरच होय!" कोणीतरी ओरडलं.

त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. बांबू चालले, वल्ही चालली. दुर्गेश चिखलात पडला, तरी चालली. भैयालालने बरगडीत लाथ घातली तेव्हा वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. म्हणून त्याने आणखी एक घातली.

"भैयालाल, थांब! इकडचे मासे जिते आहेत!" कोपऱ्यातून केशोराव ओरडला.

भैयालाल धापा टाकत तिथे गेला. दुर्गेशने भुकटी टाकली होती तेवढ्याच पाण्यावर बारीक फेस येत होता. अगदी तसाच. आणि त्या फेसाखाली काळ्या पाठींची दाटी झाली होती. बोडीतला जो मासा पोहू शकला, तो तिथे आला होता. एकही मेलेला नव्हता. भैयालालने हात पाण्यात घातला, तर तळव्याला चिकटलेली भुकटीही फसफसली.

तो परत धावला. दुर्गेशचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आत काही जात नव्हतं.

"बाकीची... टाक," तो म्हणाला.

भैयालालने केशोरावला बादलीकडे बोट दाखवलं, भावाला उचललं आणि टेम्पोत घातलं. देवरीच्या रस्त्यावर ढग फाटले. आठवड्याने लख्ख ऊन पडलं. भैयालाल देवाला आणि ड्रायव्हरला आळीपाळीने शिव्या देत होता. जंगलातल्या वळणावर मांडीवरच्या भावाची छाती हलायची थांबली.

दवाखान्यात डॉक्टरांनी ऑक्सिजनचा मास्क लावला. थोड्या वेळाने काढून घेतला.

केशोरावचा फोन आला. ऊन पडलं तसं बोडीचं पाणी सावरलं, अर्धे मासे वाचले. भैयालालने फोन बंद केला.

दुर्गेशची बायको रश्मी अनवाणीच धावत आली. "कोनं मारलं माह्या मानसाले?" तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. टेम्पोतून सोबत आलेले, मघाशी बांबू चालवणारे सगळे भिंतीकडे बघू लागले.

भैयालालने उजवा हात पुढे केला. फेस वाळून त्यावर पांढरा थर बसला होता.

रश्मीने त्याला मारलं. तोंडावर, छातीवर, दम संपेपर्यंत मारलं. भैयालालचा हात तसाच पुढे राहिला. तो हात उठला नाही.