वहिनीची तबकडी

तळ्याचं पाणी किती नितळ आहे, हे आम्ही स्वयंसेवक एका काळ्यापांढऱ्या तबकडीने मोजतो. होडीतून ती दोरीने खाली सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. प्रत्येकाची नजर वेगळी, म्हणून वाचणारं माणूस बदलायचं नाही, असा आमचा नियम. तो मान माझ्या वहिनीचा. ती शिवणकाम करते. मी वल्ही मारते. सकाळी माझं मौन असतं, त्यामुळे होडीत बोलायचं कामही तिचंच.

"अशी नणंद देव सगळ्यांना देवो," ती सांगत सुटते, "तोंड बंद, हात चालू!"

यंदा मात्र तबकडी दर खेपेला आणखी वरच दिसेनाशी होऊ लागली. गढूळ पाण्यात बुडणारं मूल दिसत नाही. आजही तसंच निघालं तर पोहणं बंद, असं तळ्याचा कारभार पाहणाऱ्या कार्यालयाने कळवलं होतं. पोहायला शिकवणारे मास्तर काठावर येरझाऱ्या घालत होते. पोटापाण्याचाच प्रश्न.

"वहिनी, जरा खोल जाऊ द्या की!" ते ओरडले.

"मी काय धरून ठेवलीय? पाण्याला सांगा!"

तळ्याच्या मध्यावर तिने दोरी सोडली. "गेली," ती लगेच म्हणाली. "आता त्यांना कुठल्या तोंडाने सांगू गं?"

दोरी वल्ह्याला अडकली म्हणून मी वाकले. तबकडी मला लख्ख दिसत होती. दोरी आणखी सोडली, तरी दिसत होती. हल्ली सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारते, ते आठवलं. सांगितलं तर तिचा मान जाणार, गप्प बसले तर मास्तरांचा वर्ग.

मौन मोडतेय म्हणून देवाची मनात क्षमा मागितली. "वहिनी, दिसतेय."

मी बोलले म्हणूनच ती आधी दचकली. "कुणाला?"

"मला. अजून."

ती पाण्यावर ओणवी झाली. डोळे चोळले, पुन्हा पाहिलं.

"म्हणजे गढूळ मी झालेय."

"मोतीबिंदू असेल. डॉक्टरांना दाखवू. मी येते ना सोबत."

"ते नंतर. आधी त्यांचा जीव भांड्यात पडू दे." ती काठाकडे वळून ओरडली, "मास्तर, पाणी चांगलंय! दोष माझ्या डोळ्यांचा! कार्यालयाला मीच फोन करते!"

मग दोरी माझ्या हातात देऊन तिने वल्ही ओढून घेतली.

"वाच आता. आणि मोठ्याने वाच, पुटपुटू नकोस."

आवाज तिचा नेहमीचाच होता. वल्ही मात्र पाण्यात पडायला वेळ लागला.