पाचवा नाद

चार! आमचे धनी चट्टरस म्हणजे सम्राटाचे लहानसे मांडलिक; त्यांना फक्त चार वाद्यांची परवानगी होती. शिंग, ढोल, शंख आणि भेरी. पाचवी जयघंटा वाजायची ती सम्राटाच्या बड्या मांडलिकांपुढे. माझ्या आजोबांनी मात्र हौसेनं एक ओतून ठेवलेली. तीन पिढ्या आम्ही तिचे मानकरी, आणि तीन पिढ्यांत एक टोला नाही! नुसती घासायची, पुसायची. हसू येईल नाहीतर काय?

त्या सकाळी पलीकडच्या खोऱ्यातला सरदार इरिव हजारभर माणसं घेऊन नदीच्या उतारावर आला. आम्ही जेमतेम दोनशे. धुकं असं की स्वतःचे पाय दिसेनात. सम्राटाचा अधिकारी केशिमय्य आमच्याकडेच तळ ठोकून होता, पण तो म्हणाला, "तुमची भांडणं तुम्हीच निस्तरा."

मी जयघंटा खांद्यावर घेतली. बायको मल्लब्बे दारात आडवी.

"वेड लागलंय का? हात तोडतील!"

"इरिव आला तर मुंडकंच तोडेल. सर बाजूला!"

नदीवर आमची वाद्यं वाजली. धुक्यातून इरिवचे लोक खिदळले, "चारच रे, चारच! चट्टरस एकटाच आलाय!"

माझं डोकंच फिरलं. कोणाला विचारलं नाही, दिला टोला! काय सांगू, अंगावर काटा आला. आजोबा, काय ओतलंयत हो! दुसरा दिला, तिसरा दिला. पलीकडे एकदम चिडीचूप. मग कोणीतरी ओरडलं, "पाच! मोठी फौज आली! पळा!" आणि पाण्यात जी धांदल उडाली म्हणता! आमची माणसं तुटून पडली. दुपारपर्यंत इरिव दोन डोंगर पार पळालेला.

धुकं विरलं तसा केशिमय्य घोडा दामटत आला.

"पाचवा नाद कोणी केला?"

"मी, कंचिग," मी म्हणालो. दडायला जागाच कुठे होती?

"चट्टरस, याचा उजवा हात आत्ता इथे तोडा. नाहीतर हे बंड समजेन. सम्राटाची फौज येईल."

धनी माझ्या हाताकडे बघत राहिले.  दोनशे घरांपुढे माझा एक हात तो काय? मी गुडघे टेकले आणि एका दगडावर मनगट ठेवलं. मल्लब्बे, तुझं ऐकायला हवं होतं गं.

धनी खाली वाकले. माझं मनगट धरून त्यांनी मला उभं केलं.

"दमलास का रे?"

"नाही, धनी."

"मग हे केशिमय्य निघालेत, त्यांना वेशीपर्यंत पोचव. पाचही वाद्यं वाजवत. सम्राटाला सांगू देत, मांडलिकानं नाही, राजानं निरोप दिला म्हणून."

केशिमय्य पांढराफटक पडला. मी रडत होतो, हसत होतो, आणि वेशीपर्यंत उजव्या हातानं टोले देत होतो.