धुऱ्यावरचा ब्रेनेके

"पाणी तं द्या कोनी त्या माणसाले! केव्हाचा बोलून राहिला, घसा नाही सुकत काय याचा?"

दारापुढच्या सपरीतल्या बाजेवरून मधुकररावांची कुरकुर आली आणि आत भाजी चिरत बसलेल्या मंदाबाईला हसू फुटलं. ज्याच्यासाठी मामाजी, तिचे सासरे, पाणी मागत होते तो माणूस सानगडी गावात नव्हताच. तो होता जर्मनीत, कुठल्याशा मंचावर, आणि इथे तिच्या लेकीच्या, डिंपलच्या मोबाइलमध्ये. पिकलेले केस, निळा टाय, आणि प्रत्येक वाक्यानंतर टाळ्यांसाठी थांबायची सवय.

"आबाजी, हे भाषण मागच्या महिन्यातलं हाये," डिंपल म्हणाली. "आतापर्यंत पिला असंल तो पाणी."

"मंग काहून त्याले पुन्हा पुन्हा उभा करते? गरिबाले सुट्टी दे."

डिंपल भंडाऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. जर्मनीत नर्स हव्यात म्हणून तिने दीड-दोन वर्षं डोकं खपवून ती भाषा शिकली होती. आता शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. त्यात बोलायचं होतं, परीक्षकासमोर. सरावासाठी नागपूरच्या क्लासच्या मॅडमनी सांगितलं, तिकडचा एक राजकारणी निवडा, त्याची कारकीर्द सांगा, त्याचे विचार सांगा, मग मी प्रश्न विचारीन. बाकीच्या पोरींनी मोठमोठे मंत्री उचलले. डिंपलने उचलला हा ब्रेनेके, उजव्या विचारांचा, विरोधी बाकावरचा. का, तर म्हणे हा सावकाश बोलतो, शब्द न शब्द कळतो.

एवढंच कारण नव्हतं. दुसरं कारण फक्त मंदाबाईला माहीत होतं, आणि ते पोटात ठेवून ती सध्या भाजी चिरत होती.

मधुकररावांना आधी या माणसाचा नुसता आवाज खटकायचा. मग एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "पण म्हणते तरी काय तो?" डिंपलने सांगितलं. मास्तराचा पोरगा. जमीनमोजणीच्या कचेरीत नोकरी केली. सत्तेतल्या पक्षात वर्षानुवर्षं सतरंज्या उचलल्या, मग भांडून बाहेर पडला. नव्या पक्षाकडून उभा राहिला, पडला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला. आता निवडून आला, पण बसतो विरोधातच.

मधुकरराव उठूनच बसले. "पडला तरी हटला नाही?"

"नाही ना."

"हा आपल्यातला माणूस हाये," ते म्हणाले.

त्यांचंही तसंच होतं. सरपंचपदासाठी ते जितक्या वेळा उभे राहिले तितक्या वेळा पडले. वॉर्डाने मात्र त्यांना कधी सोडलं नाही, त्यामुळे ग्रामपंचायतीत ते कायम होते आणि कायम विरोधात होते. त्यांचं विरोधी बाक म्हणजे दाराजवळची एक प्लास्टिकची खुर्ची. तिचा एक पाय हलायचा आणि ती कोणी बदलून दिली नाही, तोही त्यांच्या मते सत्ताधाऱ्यांचा डाव.

त्यानंतर ब्रेनेके घरचाच झाला. जेवताना त्याचा विषय, पानठेल्यावर त्याचा विषय. त्याच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'आधी आपले'. ते कळल्यावर मधुकररावांनी मांडीवर थाप मारली. "मी ग्रामसभेत काय म्हणलो होतो? हेच ना? जर्मनीपर्यंत गेली पाहा गोष्ट!"

मंदाबाईचा नवरा हेमराज ताटातला भात चिवडत राहिला.

कारण ग्रामसभेत ते जे म्हणाले होते, त्याचंच दुखणं घरात चालू होतं. दरवर्षी धानाच्या रोवणीला देवरीच्या पलीकडून, छत्तीसगडच्या हद्दीतून, रुखमिणी नावाची बाई आपली टोळी घेऊन यायची. त्या बाया टेम्पोतून उतरायच्या, मधुकररावांच्याच खळ्यावरच्या छपरीत राहायच्या, गावभर रोवणी करायच्या आणि जायच्या. मग दोन वर्षांपूर्वी गावातल्या बायांनी तक्रार केली, बाहेरच्या कमी मजुरीत येतात, आम्हाला कोणी विचारत नाही. तक्रार खोटी नव्हती. मधुकररावांनी ती उचलली आणि उभ्या आयुष्यातला त्यांचा एकुलता एक ठराव मंजूर झाला, 'गावचं काम, गावचे हात'. टाळ्या पडल्या. पहिल्या वर्षी मजुरी वाढलीही. पण गावचे हात राहिले होते कुठे? तरण्या पोरी कोणी नागपूरला, कोणी पुण्याला, कोणी दवाखान्यात. उरलेल्या बायांची एकच टोळी, ती घरोघरी फिरता फिरता थकून जायची. यंदा तर मधुकररावांच्या स्वतःच्याच बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, अर्ध्या रिकाम्या होत्या आणि पऱ्हे, रोवायची रोपं, वाट पाहून पिवळे पडायला लागले होते.

रुखमिणीला बोलवा, असं कोणी म्हणत नव्हतं. तिचं नावच ठरावानंतर या घरात कोणी काढलं नव्हतं. मंदाबाईला मात्र ती रोज आठवायची. डिंपल तान्ही असताना धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या, मोहाच्या झाडाला झोका बांधला होता तो रुखमिणीच्या लुगड्याचा. आणि रोवणी सरायच्या दिवशी टोळीतल्या बाया मालकाच्या कपाळाला चिखल फासतात, मालकाने जेवण घातल्याशिवाय सोडत नाहीत, तो मान दरसाल रुखमिणीचा. मधुकरराव शिव्या देत पळायचे, पण पळायचे असे की ती सहज गाठेल.

दुसरी न बोललेली गोष्ट डिंपलच्या जाण्याची. हेमराजने हात वर केले होते, "बाबा हो म्हणतीन तं जा." आणि बाबा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. "परीक्षा तं होऊ दे," एवढंच. मंदाबाईला लेकीला रडत-भांडत पाठवायचं नव्हतं. आबाजीच्या पाया पडून, त्यांचा हात डोक्यावर घेऊन ती निघावी, इतकीच तिची इच्छा. पण डिंपलला नोकरी लागत होती ती ब्रेनेकेच्याच गावातल्या वृद्धाश्रमात. जिथे जायचं तिथल्या माणसाला नीट ऐकून घेऊ, म्हणून पोरीने त्याला निवडला होता. आता म्हाताऱ्याला हे सांगायचं कसं? ज्याला तो डोक्यावर घेऊन नाचतो, त्याचं 'आधी आपले' म्हणजे 'तुमची डिंपल नाही', हे कोणी सांगायचं?

रविवारी टोळीची पाळी एकदाची त्यांच्या शेतात आली. टोळी म्हणजे शेजारची ललिताबाई आणि तिच्यासोबतच्या पाच-सहा पोक्त बाया. घरचे सगळे उतरले. परीक्षा मंगळवारी होती, पण पऱ्हे मंगळवारपर्यंत थांबणार नव्हते, म्हणून डिंपलही सलवार खोचून चिखलात उतरली आणि रोवता रोवता जर्मन बोलायला लागली.

ललिताबाईने कंबर सरळ केली. "काय वो डिंपल, धान जर्मनीत रोवला तं भात मराठीतच शिजंल ना?"

बाया खदाखदा हसल्या. "पाय इकडे ठेव पोरी," दुसरी म्हणाली, "नाही तं चिखलात बसशीन, आन् चिखलाले काही जर्मन समजत नाही."

धुऱ्यावर छत्री लावून मधुकरराव परीक्षक होऊन बसले होते. मॅडमनी सांगितलंच होतं, घरी कोणाला तरी प्रश्न विचारायला बसवा. मांडीवर मोबाइल, मोबाइलमध्ये थांबवून ठेवलेला ब्रेनेके, तोंड उघडं, हात वर. शेजारी त्यांचा जुना जोडीदार तुलाराम पऱ्ह्याच्या पेंड्या बांधीतल्या चिखलात फेकत होता.

"प्रश्न पयला," मधुकररावांनी घसा साफ केला. "ब्रेनेके साहेब, तुम्ही सदा विरोधातच काहून?"

डिंपलने आधी जर्मनमध्ये उत्तर दिलं, मग आजोबांसाठी मराठीत, अगदी ब्रेनेकेसारखी मान ताठ करून. "कारण खुर्ची मिळाली का माणसाले ऐकू येत नाही."

"वाह! तुलाराम, ध्यानात ठेव गा हे." मग पुढचा. "बाहेरच्या लोकायबद्दल तुमचं म्हणणं काय?"

"आमच्या लहान गावातल्या शाळा बंद पडल्या. दुकानं बंद पडली. पोरं मोठ्या शहरात गेले. सरकारनं आमच्याकडे पाहिलं नाही. आता बाहेरून माणसं आणून ते म्हणतात गाव भरलं. असं गाव भरत नसते. ज्याची गरज हाये त्याले बोलवू, कामापुरतं. काम सरलं का त्यानं जावं. आधी आपले."

"खरं हाये," मधुकरराव म्हणाले. "शाळा बंद पडली का दुखतेच. लबाड नाही तो माणूस."

"नाही, लबाड नाही," डिंपल स्वतःच्या आवाजात म्हणाली आणि पुन्हा वाकली.

तुलारामच्या हातातली पेंडी हातातच राहिली. "मले एक सांग वो पोरी. पोरं शहरात गेले म्हणते. मंग तिथल्या म्हाताऱ्यायले कोण पाहाते?"

डिंपल वाकलेलीच होती. दोन-चार रोपं तिने जरा जास्तच जपून टोचली.

"त्याच्या गावात वृद्धाश्रम हाये," ती म्हणाली. "वरचा मजला बंद पडला. खाटा हायेत, म्हातारे वाट पाहून राहिले, पण नर्सा नाहीत."

"तुले काय माहीत त्याच्या गावातलं?" मधुकररावांनी विचारलं.

मंदाबाईचे हात थांबले. डिंपल सरळ उभी राहिली. गालाला चिखल लागलेला, कोपरापर्यंत हात माखलेले.

"तिथंच तं जाऊन राहिली मी, आबाजी. तोच मजला उघडाले."

मधुकररावांनी मांडीवरच्या मोबाइलकडे पाहिलं. तिथे ब्रेनेके अजून हात वर करून उभा होता. इतके दिवस त्या हातात त्यांना स्वतःचा हात दिसायचा. आता तो कोणाला तरी 'थांब' म्हणत असल्यासारखा दिसत होता, आणि तसाच तो आधीपासून होता.

मंदाबाईला वाटलं, आता म्हातारा उठून घरी जाईल आणि आठ दिवस बोलणार नाही. तिने मनात वाक्य जुळवायला घेतलं. लग्न होऊन आल्यापासून मामाजींना ती उलटून एक शब्द बोलली नव्हती. पदर नीट करायला गेली तर पदरालाच चिखल लागला.

पण मधुकररावांनी परीक्षकाची खुर्ची सोडली नाही.

"ब्रेनेके साहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "भंडारा जिल्ह्यातून एक पोरगी येऊन राहिली. तुमची भाषा शिकून. तुमच्या म्हाताऱ्यायचं अंग पुसाले, त्यायले घास भरवाले. तिले काय म्हणसान?"

डिंपलने विचार केला. खोटं बोलायचं तर बोलता आलं असतं.

"म्हणंल, कायद्यानं आली, काम येते, ठीक हाये. काम हाये तोवर राहा. पण हे घर तुझं नाही."

"आन् तुले भेव नाही लागत?"

"लागते ना. पण आबाजी, म्हातारं माणूस हात धरते तेव्हा धरते. भंडाऱ्याच्या दवाखान्यात एक आजी पयल्या दिवशी मले हात लावू देत नव्हती. आठव्या दिवशी माझ्याच हातून औषध घेत होती. तिथंही कोनी चांगलं बोलंल, कोनी नाही बोलणार. आन् एखांद्या दिवशी ह्या ब्रेनेकेचीच माय त्या मजल्यावर आली, तं मी तिचे पाय दाबीन. मंग पाहू तो काय म्हणते."

ललिताबाईने नाक ओढलं आणि चिखलाच्या हाताने पुसलं.

मधुकरराव उठले. छत्री तुलारामच्या हातात दिली. बांधीच्या पलीकडे त्यांच्या रिकाम्या बांध्या पाण्याने चकाकत होत्या, आणि कोपऱ्यात पऱ्ह्याचा वाफा पिवळट. हेमराज उगाच खोकला. तुलाराम छत्रीच्या काड्या बघू लागला. सगळ्यांच्या ओठांवर एकच नाव होतं आणि सगळे खाली बघत होते. मंदाबाईने तोंड उघडलं.

तिच्याआधी म्हातारा चपला काढून चिखलात उतरला. डोलत, तोल सावरत डिंपलपाशी आला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू जा," ते म्हणाले. "जाय पोरी. पण एक ध्यानात ठेव. तिथं तू त्यायची रुखमिणी होशीन." मग मागे न वळता त्यांनी लेकाला हाक मारली. "हेमराज, लाव तिले फोन. म्हणा टोळी घेऊन ये. म्हणा, मालकाचं कपाळ दोन वर्सापासून कोरडं हाये."