जांभूळचा रंग

लॅब्रॅडॉरचे रंग तीनच: काळा, पिवळा आणि चॉकलेटी. एकाच वेताला तिन्ही निघू शकतात, पण चौथा दिसला की समजायचं, कुठेतरी भेसळ आहे. हे ज्ञान काळूरामला पिल्लू विकणाऱ्याने दिलं होतं आणि करंजाड्यातल्या त्याच्या बिल्डिंगमध्ये ते ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. लिफ्टमध्ये सापडलेला माणूस तर सहाव्या मजल्यापर्यंत ऐकायचा. तीन रंगांतून त्याच्या बायकोने, जनीने, काळं पिल्लू उचललं. "याला दिष्ट नाय लागायची," म्हणाली आणि नाव ठेवलं जांभूळ.

जनीला जाऊन चार वर्षं झाली. मुलगी कोमल लग्न होऊन पुण्याला, भेट काय ती फोनवर. घरात बोलायचं तर जांभूळशीच, आणि काळूराम त्याच्याशी दिवसभर बोलायचा.

तो जांभूळ शुक्रवारी हरवला. आंघोळीसाठी पट्टा काढला होता, दार उघडं राहिलं, आणि टॉवेल आणेपर्यंत कुत्रा जिन्याने पसार. कोमलच्या जिवाला घोर नको म्हणून तिला कळवलं नाही. स्टेशनपर्यंत पोस्टर मात्र चिकटवली: 'काळाभोर लॅब्रॅडॉर हरवला आहे.' फोटो जनीच्या मांडीवरचा. फोटोतून जनीला कापलं तरी कोपऱ्यात तिच्या हिरव्या बांगड्या राहिल्याच.

रविवारी शिरढोणहून सुमती नावाच्या बाईचा फोन आला.

"दादा, तुमचा कुत्रा हारवलाय ना? एक आमचे आंगनात येऊन बसलाय. लई गरीब हाय."

"रंग कंचा?"

"आंग काळा, पन तोंड पांढरा हाय. भिवया पन."

"मंग तो माझा नाय. लॅबमदी तसा रंगच नसतो. मिक्स आसंल."

"फोटो धाडला आसता, पन माझा फोन साधा हाय."

"नको. माझा काळाभोर हाय," म्हणून त्याने फोन ठेवलासुद्धा. शहाणपण अंगाशी येतं ते असं.

मंगळवारी त्याने जांभूळची गोधडी उन्हात घालायला काढली. गॅलरीत झटकली तर बारीक पांढरे केस उडाले. आपलेच असतील म्हणून त्याने डोक्यावरून हात फिरवला. डोक्यावर तर कधीचं टक्कल होतं.

दहा वर्षं झाली होती त्या पिल्लाला. रोज त्याच तोंडात त्याने हाताने भाकरी भरवली, पण डोळ्यांपुढे जनीच्या मांडीवरचंच राहिलं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याने लगेच सुमतीला फोन लावला.

"हाय का आजून तो?"

"हाय. पन काय खात नाय, रस्त्याकडं बगत बसतो."

रिक्षा अंगणात थांबली तसा पांढऱ्या तोंडाचा म्हातारा कुत्रा धडपडत उठला. त्याने काळूरामच्या गुडघ्यांत डोकं खुपसलं आणि कण्हायला लागला. काळूराम तिथेच मातीत बसून रडला. सुमतीने पाणी आणून दिलं.

घरी आल्यावर शेजारच्या मनस्वीकडून त्याने दोघांचा फोटो काढून घेतला आणि कोमलला पाठवला. जनी गेल्यापासूनचा तो पहिलाच फोटो.

कोमलचं उत्तर लगेच आलं. 'अय्या बाबा, नवीन कुत्रा? मस्तच! जांभूळ कुठाय?'

काळूरामने लिहिलं, 'हाच.' मग ते पुसलं आणि लिहिलं, 'एकदा येऊन बघ.'