सूर्यास्त शेवटी ठेवायचा

दादाने स्वतःचा काळा चष्मा काढून अण्णांच्या नाकावर चढवला, दोन पावले मागे सरून पाहिले आणि टाळी वाजवली.

"बघ मने, एकदम हिरो!"

मनी व्हीलचेअरचा ब्रेक लावत होती. पन्नाशी उलटली तरी वडिलांसाठी आणि भावासाठी ती अजून मनीच होती. वाकलेली असतानाच तिने श्वास रोखून धरला, मग खुर्चीच्या दांड्याचा आधार घेत हळूहळू सरळ झाली. तोवर दादा पाठ फिरवून दीपगृहाकडे बोट दाखवत होता.

"हे आमच्या शहराचं पहिलं आकर्षण. वर जायला लिफ्ट नाही, पण वर जाऊन करायचंय काय? फोटोत पूर्ण यायचं तर खालीच उभं राहावं लागतं."

अण्णांनी मान वर केली. चष्मा त्यांच्या नाकावरून घसरला, तो त्यांनी हाताने सावरला. दीपगृहाच्या वर निळेशार आभाळ होते आणि ऊन असे की भिंतीचा पांढरा रंग डोळ्यांत खुपत होता. या शहरात उन्हाला तोटा नव्हता. उन्हाच्याच जिवावर दादाचा धंदा चालला होता. शहरदर्शनाच्या त्याच्या तीन छोट्या बसगाड्या होत्या आणि प्रत्येकीच्या अंगावर हसरा, गॉगल घातलेला सूर्य रंगवला होता.

"दादा, ते अण्णांच्या राहण्याचं..."

"अगं हो, बघू ना. आधी मत्स्यालय उरकून घेऊ. नंतर शाळांच्या सहली येतात, मग पाय ठेवायला जागा नसते."

मनीने महिन्यापूर्वी फोनवर त्याला सगळे सांगितले होते. तिच्या पाठीच्या मणक्याचे ऑपरेशन ठरले होते. त्यानंतर तीन महिने वजन उचलायचे नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. आणि अण्णा काही बादलीएवढे नव्हते. त्यांचे पाय गेल्याला सहा वर्षे झाली होती. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, तिथून परत खुर्चीत, हे सगळे मनीच्या दोन हातांवर चालले होते. ऑपरेशनचे तिने अण्णांना कळू दिले नव्हते. ते मनाला लावून घेतील, आपण ओझे झालो म्हणून जेवणखाण सोडतील, अशी तिला धास्ती होती. दादाकडे फिरायला जायचंय, एवढेच तिने त्यांना सांगितले होते.

"तू घेऊन तर ये त्यांना," दादा फोनवर म्हणाला होता. "इथे आलात की बघू."

'बघू' हा शब्द फार सोयीचा. तो होकाराची आशा लावतो आणि नकाराचा वाईटपणा अंगाला लावून घेत नाही. मनी मात्र भाबडी. तिने त्या शब्दावर विसंबून तीन महिने पुरतील एवढे अण्णांचे कपडे आणि औषधे बॅगेत भरली. आणि दादाच्या शहरात बघण्यासारखे तर रग्गड होते.

मत्स्यालयात एक मोठा, सुस्त मासा काचेला तोंड लावून इकडून तिकडे जात होता. अण्णा बराच वेळ त्याच्यासमोर थांबले.

"हा बिचारा दिवसभर काच पुसतोय. पगार तरी देतात का रे याला?"

दादा खो खो हसला. अण्णांच्या विनोदाला तो असा हसायचा की अण्णांचा चेहरा उजळायचा. तोच विनोद मनीने घरी ऐकला असता तर 'हो का' म्हणून तिने भाजी ढवळली असती. तिला स्वतःचा राग आला, आणि मग दादाचाही आला. तीन दिवस हसायला कोणालाही जमते.

दुपारी काचेच्या तळाची होडी. धक्क्यावरून होडीत उतरायला एक उंच पायरी होती. नावाड्याने अण्णांचे पाय धरले आणि मनीने काखेत हात घालून त्यांना उचलले. पाठीतून एक कळ थेट टाचेपर्यंत गेली. दादा धक्क्यावर मोबाईल धरून उभा होता.

"अण्णा, हात हलवा! मने, तू जरा हास की. दात दुखतायत का?"

व्हिडिओ छान आला. दादाने तो संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना पाठवला. 'असा मुलगा असावा' असे चार मावश्यांनी कळवले.

दादाचे घर मनीने आल्याबरोबरच नजरेने मापून घेतले होते. लिफ्ट होती. दरवाजे रुंद होते, व्हीलचेअर सहज फिरत होती. बाल्कनीला लागून एक खोली मोकळी होती. तिथे बसप्रवाशांसाठीच्या जुन्या छत्र्या आणि फलक भरून ठेवले होते, एवढेच. मनी ती खोली बघतेय हे वहिनीच्या ध्यानात आले असावे. वहिनी मनाने वाईट नव्हती. जेवताना तिने अण्णांना आग्रह केला, पण वाढता वाढता म्हणाली,

"इथली हवा फार खारी हो. आमची लोखंडी कपाटं गंजून जातात, मग म्हाताऱ्या माणसाचं काय होत असेल!"

"माणूस गंजत नाही वहिनी," मनी म्हणाली.

"तसं नाही गं, आपलं म्हटलं."

दादाने लगेच उद्या कुठे कुठे जायचे ते सांगायला सुरुवात केली. शिंपल्यांचा बाजार, जुनी तटबंदी, मुलांची रेल्वे, संगीतावर नाचणारे कारंजे. दुसऱ्या दिवशी हे सगळे झाले. तिसऱ्या दिवशी उरलेले झाले. रात्री घरी येईपर्यंत अण्णांची मान छातीवर पडलेली असायची. त्यांना आडवे करून मनी बाहेर येईपर्यंत दादाच्या खोलीतला दिवा मालवलेला असायचा.

तिसऱ्या दुपारी दादाने दोघांना आपल्या ऑफिसात नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची परतीची गाडी होती. तिकिटे दादानेच काढली होती, दोघांची. 'हातात असू दे, रद्द काय कधीही करता येतं,' असे म्हणत त्याने ती मनीच्या पर्समध्ये कोंबली होती. अण्णा पंख्याखाली डुलक्या घेत होते. पलीकडच्या काचेच्या खोलीत दादा नव्याने लागलेल्या गाईड मुलीला काम समजावून देत होता. दार किलकिले होते.

"प्रवाशाला एका जागी बसू द्यायचं नाही," तो सांगत होता. "बसला की त्याला तक्रार सुचते. चालवत ठेवायचं, खायला घालत राहायचं. आणि काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. कधीच नाही. 'बघू या' म्हणायचं आणि पुढच्या ठिकाणाकडे बोट दाखवायचं."

"आणि सर, खूपच मागे लागला तर?"

"म्हणून तर सूर्यास्त शेवटी ठेवायचा. तो बघितला की माणूस गप्प होतो. दिवसभराचं सगळं माफ करतो."

मुलगी हसली. मनी भिंतीवरच्या हसऱ्या सूर्याकडे बघत बसली. तिला आधी लाज वाटली, भावाची नव्हे, स्वतःचीच. तीन दिवस ती त्याच्या बोटामागे मान वळवत राहिली होती. मग संताप आला. सख्ख्या बहिणीला या माणसाने गिऱ्हाईक केले होते.

सूर्यास्त टेकडीवरच्या गच्चीवरून बघायचा असतो. बस खाली थांबते. एका बाजूने बागेतून लांबचा चढाचा रस्ता वर येतो, दुसऱ्या बाजूने पायऱ्या. मनीने खुर्ची त्या चढावरून वर ढकलत आणली. दादा पुढे जाऊन कठड्याजवळचा बाक अडवून उभा होता.

"अण्णांना इथे बसव. खुर्ची फोटोत नको, आजारी वाटतात त्यात."

मनीने त्यांना बाकावर बसवले. खुर्ची बाजूला लावली. अण्णांनी शर्टाची घडी नीट केली, वरचे बटण लावले. आयुष्यभर ते शिंपी होते, फोटोत कॉलर वाकडी आलेली त्यांना खपत नसे. दादा आइस्क्रीमचे कोन घेऊन आला. सूर्य पाण्याला टेकायला आला होता. आजूबाजूला माणसे मोबाईल वर धरून उभी होती.

"दादा," मनी म्हणाली, "अण्णा इथे राहतील. तीन महिने. हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

"अगं, बघू ना आपण..."

"बघून झालं सगळं. आता सांग."

दादाचा हात सवयीने उठला. पण समोर नुसते पाणी होते. बोट दाखवायला पुढचे ठिकाण नव्हते. त्याच्या मनगटावरून आइस्क्रीम ओघळत होते. आपल्या या मोठ्या, पोट सुटलेल्या, चार लोकांत वजन असलेल्या भावाला मनीने असे कधीच बघितले नव्हते. त्याचे ओठ हलले. तो नाही म्हणणार होता. निदान एकदा तरी तो खरे बोलणार होता आणि मनीला तेवढेही चालले असते. नाही तर नाही, तिने पुढची काही सोय केली असती. एखादी बाई ठेवली असती, शेजाऱ्यांच्या पाया पडली असती.

"मीच नाही राहायचो इथे," अण्णा मध्येच म्हणाले.

दोघांनी त्यांच्याकडे बघितले.

"फार ऊन बाबा तुझ्या गावात. डोळे दिपतात. मला आपलं माझं घर बरं." आणि ते हसले.

दादाने मोठा श्वास सोडला. तो आवाज मनीलाही ऐकू आला.

"बघ! अण्णाच म्हणतायत. मी कुठे नाही म्हणतोय? त्यांनाच करमत नसेल तर आपण जबरदस्ती कशी करायची?"

सूर्य गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गर्दी पायऱ्यांकडे सरकू लागली. दादा रुमालाने हात पुसत दोन-तीनदा 'चला, चला' म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. परत जाताना कुठे थांबून काय खायचे, तेही तो सांगू लागला.

मनी बाकासमोर वाकली. रोजच्यासारखा उजवा गुडघा पुढे, दोन्ही हात काखेखाली. अण्णांनी तिच्या गळ्यात हात टाकले. त्यांचे तोंड तिच्या कानाशी आले.

"पट्टा नीट बांधलायस ना?" ते हळूच म्हणाले. "दुपारी सैल लागत होता."

मनी थबकली. कुर्त्याच्या आत, कमरेला, ती महिनाभर, अण्णांना उचलताना लागतो म्हणून, डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधत होती.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"शिंपी आहे मी. कापडाखाली काय आहे ते हाताला कळतं. आणि तू डॉक्टरांशी फोनवर बोलतेस ते काय मला ऐकू येत नाही?"

"मग तरी तुम्ही..."

"ऑपरेशन जरा पुढे ढकल गं. होईल ते. त्याचं तोंड बघितलंस ना? घाबरला होता बिचारा."

मनीचे हात अजून त्यांच्या काखेखाली होते. तिने त्यांना अर्धे उचललेले होते. ती तशीच क्षणभर राहिली. मग तिने त्यांना सावकाश, कुठे लागणार नाही अशा बेताने, पुन्हा बाकावर टेकवले. त्यांचे हात गळ्यातून सोडवून त्यांच्या मांडीवर ठेवले. कॉलर सरळ केली.

"काय झालं?" दादा म्हणाला.

तिने बाकावरची आपली पर्स उचलली आणि ती पायऱ्यांकडे निघाली.

"अगं, चाललीस कुठे? मने! यांना कोण घेणार?"

ती कठड्याला धरून उतरू लागली. पायऱ्या उंच होत्या आणि एकेकीवर दोन्ही पाय टेकवल्याशिवाय तिला पुढे जाता येत नव्हते. वरून दादाचे पुटपुटणे ऐकू येत होते. त्याने खुर्ची ओढली असावी, तिचे चाक कशाला तरी अडल्याचा आवाज आला.

"राहू दे रे," अण्णा त्याला सांगत होते. "तुला नाही जमायचं, उगाच कंबरेत उसण भरेल. थांब जरा. येईल ती."

मनी खाली पोचली. ड्रायव्हर बसबाहेर उभा राहून फोनवर बोलत होता. ती आत चढली, खिडकीजवळच्या जागेवर बसली. मग कुर्त्यात हात घालून तिने पट्टा सोडला आणि घडी करून शेजारच्या सीटवर ठेवून दिला.