बिनपावसाची छत्री

मित्रांनो, मी एक जुनी काळी छत्री आहे. दोन काड्या मोडक्या, मूठ तेवढी शाबूत. खारबावच्या केसरीनाथने मला भिवंडीच्या बाजारातून आणलं ते ऐन मे महिन्यात. दुकानदाराला वाटलं, या गिऱ्हाइकाला पावसाची फारच घाई दिसते!

मी होते त्याच्या लेकीसाठी, कमळसाठी. ती जन्मापासून पांढरीफेक, केस, पापण्यासुद्धा. डॉक्टरांनी केसरीनाथला बजावलं होतं, "उन्हातले अतिनील किरण दिसत नाहीत, पण त्वचेच्या पेशीत शिरून आतला डीएनए बिघडवतात. पेशी दुरुस्ती करते, तरी थोडा बिघाड मागे उरतो. आपल्या त्वचेतला रंग हे किरण बरेचसे अडवतो. हिला तो रंगच नाही. हिला बारा महिने छत्री."

बारा महिने! आमच्या गावात छत्रीला मान पावसाळ्यापुरता. दसरा झाला की जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर. उन्हाळ्यात कमळने मला मिरवलं, ते खपून गेलं. पण थंडीत बायका वालाच्या शेंगा तोडायला निघाल्या आणि तिने मला उघडलं, तेव्हा तिची आत्या आक्का खदखदून हसली.

"पाऊस न्हाय, पानी न्हाय, आनि मॅडमवर छत्री हाय! अगं, थंडीचं ऊन गोड. त्यानं कोन भाजतंय?"

"आत्ते, डॉक्टर बोललेत..."

"डॉक्टर येनार हाय का शेंगा तोडाला?"

सगळा बांध हसला. कमळने मला मिटलं.

आक्का वाईट नव्हती हो. तिचा हिशोब सरळ होता: चटका नाही, म्हणजे धोका नाही. पण अतिनील किरणांना ऊब नसते; हवा गार असली तरी ते आपलं काम करतातच.

त्यापुढचे सगळे हिवाळे मी माळ्यावर काढले. कमळच्या मानेवर डाग उठले, मग एक खपली धरली. पडायची, पुन्हा धरायची. आक्का मायेने हळद लावायची. आत बिघडलेल्या पेशी मात्र थांबायचंच विसरल्या होत्या. मुंबईच्या दवाखान्यात निदान झालं, तोवर कर्करोग पसरला होता. घरी न्या, म्हणाले.

आता अंगणात चार पावलं टाकायची तरी आक्का मला कमळच्या डोक्यावर धरते.

"आत्ते, ऱ्हाऊ दे," कमळ परवा म्हणाली. "आता ऊन माझं काय बिघडवनार?"

आक्काने माझी मूठ आणखी घट्ट धरली.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. छत्र्या बाजारात ढिगाने मिळतात. पण कोरड्या दिवशी कुणी छत्री उघडली, तर हसू नका. उन्हाला मी कधी हार गेले नाही. त्या हसण्यापुढे मात्र मिटले.